विच्छेदनाचे टेबल

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय असतात: शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. नंतरच्या दोन विषयांना लागणारी रसायने आणि उपकरणे विकत आणता येतात. शरीररचनाशास्त्राचे मुख्य साधन मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते म्हणजे माणसाचा मृतदेह. हा विषय कसा शिकवला गेला, त्यात शोध कसे लागले, कायदे का करावे लागले आणि त्याच्या नावाला डाग कुठे लागले, हे सगळे दोन प्रश्नांभोवती फिरत आले आहे. देह आणायचा कुठून, आणि तो उघडायचा कोणी?

येथे एक गल्लत आधीच दूर केलेली बरी. विच्छेदन म्हणजे पोस्टमॉर्टेम नव्हे. पोस्टमॉर्टेम मृत्यूचे कारण शोधण्यासाठी होते, काही तासांत आटोपते आणि देह लगेच नातेवाइकांच्या ताब्यात जातो. महाविद्यालयातले विच्छेदन महिनोन्‌महिने चालते. तेथे माणूस कशाने गेला हा प्रश्न नसतो. तो आतून कसा घडलेला होता, हे थर उलगडत पाहायचे असते.

सुश्रुत ते व्हेसेलियस

भारतात या कामाचे सर्वांत प्रसिद्ध जुने वर्णन सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात आहे. देह सर्व अवयवांनी युक्त हवा. विषाने गेलेला, दीर्घ आजाराने झिजलेला किंवा शंभरी गाठलेला नको. आतड्यांतला मळ काढून देह मुंज, कुश, ताग किंवा झाडाची साल अशा कशात तरी गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि आडजागी वाहत्या पाण्यात ठेवायचा. सात रात्रींनी तो नीट कुजला की बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंच्याने हलके हलके घासत न्यायचा आणि त्वचेपासून आत एकेक भाग डोळ्यांनी पाहायचा. सुरीने कापण्याऐवजी घासण्याची ही रीत हाडे, सांधे, स्नायुबंध यांच्यासाठी चांगली होती. पण मेंदूसारखे मऊ अवयव सात दिवसांत हाती लागण्याजोगे राहत नसणार. सुश्रुताने हाडांची संख्या ३०० सांगितली आहे. आजच्या मोजणीत प्रौढ माणसाची हाडे २०६ भरतात. दात आणि कूर्चा यांनाही तो हाडांत धरत असे, हे ध्यानात घेतले की हा फरक बराच कमी होतो. पुढच्या काळात ग्रंथ पाठांतरात राहिला, पण कुंचा मागे पडला.

भूमध्य समुद्राकाठी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियामध्ये हिरोफिलस आणि एरासिस्ट्रेटस यांनी मानवी देह उघडून पाहिले. त्यानंतर मात्र दीर्घ खंड पडला. दुसऱ्या शतकातला गेलन हा अफाट कामाचा वैद्य होता, पण रोमन जगात मानवी विच्छेदनाची मुभा नसल्याने त्याने माकडे, डुकरे, बैल यांवर काम केले आणि तेथे दिसलेले माणसाला लावले. त्याचा शब्द युरोपात आणि अरबी जगात जवळजवळ १३०० वर्षे प्रमाण मानला गेला.

चौदाव्या शतकात इटलीतील बोलोन्या येथे मोंदीनो दे लुत्सी याने पुन्हा मानवी विच्छेदन अध्यापनात आणले आणि १३१६ च्या सुमारास त्यावर पुस्तकही लिहिले. पुढे जी वर्गपद्धत रूढ झाली ती चमत्कारिक होती. प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचायचा, खाली एक कारागीर देह कापायचा आणि तिसरा माणूस काठीने दाखवायचा. वाचणाऱ्याचे हात कोरडे आणि कापणाऱ्याला ग्रंथातले लॅटिन परके, अशी ही विभागणी होती. समोरचा देह ग्रंथाशी जुळला नाही, तर देहातच काहीतरी बिघाड आहे असे मानायलाही लोक तयार असत.

१५१४ मध्ये ब्रसेल्स येथे जन्मलेल्या आंद्रेआस व्हेसेलियसने ही विभागणी मोडली. १५३७ मध्ये पादुआ विद्यापीठात नेमणूक झाल्यावर तो आसनावरून खाली उतरला आणि स्वतः सुरी हाती घेऊन शिकवू लागला. तेथील एका न्यायाधीशाने फाशी गेलेल्या गुन्हेगारांचे देह त्याला मिळवून दिले, म्हणून त्याला एकच गोष्ट अनेक देहांत पडताळता आली. गेलनने माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता. तो एकाच हाडाचा निघाला. उरोस्थीचे भाग सात नव्हे, तीन दिसले. मेंदूच्या तळाशी गेलनने वर्णिलेले रक्तवाहिन्यांचे जाळे गुराढोरांत असते, माणसात सापडेना. १५४३ मध्ये बाझेल येथे छापलेल्या त्याच्या सचित्र महाग्रंथाने शरीररचनाशास्त्राची आधुनिक सुरुवात झाली असे मानतात. ग्रंथातली एकेक दुरुस्ती महत्त्वाची आहेच, पण त्याने घालून दिलेला दंडक त्याहून टिकाऊ ठरला. शिकवणाऱ्याने स्वतः कापून दाखवायचे आणि पुस्तक व देह यांत विरोध आला तर देहाचे ऐकायचे. पादुआच्या याच परंपरेत फाब्रीशियसने शिरांमधल्या झडपांचे वर्णन केले. त्याच्याकडे शिकून गेलेल्या विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला.

देहांचा बाजार

विच्छेदन शिकण्यासाठी अटळ ठरले तसे देह अपुरे पडू लागले. ब्रिटनमध्ये १७५२ च्या कायद्याने खून करून फाशी गेलेल्यांचे देह विच्छेदनासाठी देण्याची सोय केली होती, म्हणजे विच्छेदन हा शिक्षेचाच एक भाग झाला. शिक्षेशी जोडलेली गोष्ट स्वखुशीने कोण पत्करणार? फाशीचे प्रमाण खाली आले आणि खासगी शरीररचना शाळांतले विद्यार्थी वाढले, तेव्हा रात्री कबरी उकरून ताजे मृतदेह विकणाऱ्यांचा धंदा जोरात आला. श्रीमंत लोक कबरीवर लोखंडी पिंजरे बसवत. गरिबांच्या कबरी उघड्याच असत.

एडिंबरा येथे १८२८ मध्ये या धंद्याने टोक गाठले. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या दोघांनी आधी घरातच मेलेल्या एका भाडेकरूचा देह रॉबर्ट नॉक्स या शिक्षकाच्या शाळेला विकला. कबर उकरण्याचे कष्ट न घेता पैसे मिळतात हे कळल्यावर त्यांनी वर्षभरात १६ जणांचे खून केले. मारलेले बहुतेक निराधार, गरीब, कोणी विचारपूस न करणारे होते. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्क जानेवारी १८२९ मध्ये फासावर गेला आणि त्याचाही देह विच्छेदनाला दिला गेला. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

या प्रकरणानंतर ब्रिटिश संसदेने १८३२ चा ॲनाटॉमी ॲक्ट केला. त्याने कबरी उकरण्याचा धंदा बसला हे खरे, पण उपाय पाहण्यासारखा आहे. गरीबखान्यात आणि रुग्णालयात मेलेल्या ज्या लोकांचा देह कोणी मागायला आले नाही, त्यांचे देह शाळांना देण्याची वाट या कायद्याने मोकळी केली. शिक्षा गुन्हेगारावरून उतरली आणि गरिबीवर बसली. जगभरच्या पुढच्या अनेक कायद्यांनी हाच साचा उचलला. भारतातले कायदेही त्याला अपवाद नाहीत.

कलकत्ता, मुंबई आणि एका पुस्तकाची चित्रे

कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे मधुसूदन गुप्त यांनी मानवी देहाचे विच्छेदन केले. गुप्त हे परंपरेने वैद्य आणि संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवलेले पंडित. प्रेताला शिवणे हे ज्या समाजात विटाळाचे, त्यात सुश्रुत जाणणाऱ्या माणसाने हे पाऊल टाकले याला वेगळे वजन होते. त्या प्रसंगी फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झाली असे सांगितले जाते. ती आख्यायिका असली, तरी घटनेने किती खळबळ उडाली असेल याचा अंदाज तिच्यावरून येतो.

पश्चिम किनाऱ्यावर गोव्यात पोर्तुगीजांची वैद्यकशाळा १८४२ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला जोडलेल्या या कॉलेजातून १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड त्या तुकडीतले. याच कॉलेजाशी जगातल्या सर्वांत गाजलेल्या शरीररचना पुस्तकाचा एक धागा जुळलेला आहे आणि तो मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसतो.

लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील हेन्री ग्रे या शल्यविशारदाने विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहायचे ठरवले आणि चित्रांचे काम हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरवर सोपवले. दोघांनी मिळून सुमारे दीड वर्ष विच्छेदने केली. कार्टरने चित्रे थेट लाकडी ठोकळ्यांवर काढली. छापताना सुलटी उमटावीत म्हणून ती उलटी काढावी लागत. त्याआधीच्या पुस्तकांत अवयवावर एखादे अक्षर किंवा आकडा असे आणि नाव शोधायला तळटिपेकडे जावे लागे. कार्टरने नाव त्या अवयवाच्याच अंगावर लिहिले. धमनीचे नाव धमनीच्या वळणाने वळत जाते, स्नायूचे नाव त्याच्या धाग्यांच्या दिशेने पसरते. डोळा चित्रावरून न हलवता नाव वाचता येते. नकाशात नदीचे नाव नदीच्या काठाने लिहितात तशी ही युक्ती. साधी दिसते, पण परीक्षेच्या आदल्या रात्री तिची किंमत कळते.

१८५८ मध्ये पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा कार्टर मुंबईत होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती होऊन तो त्याच वर्षी येथे आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागला. ग्रेला विकल्या गेलेल्या दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळणार होते. कार्टरला एकदाच १५० पौंड मिळाले. मुखपृष्ठाच्या प्रुफात ग्रेने कार्टरच्या नावाचा टाइपही लहान करवला. ग्रे १८६१ मध्ये, वयाच्या तिशीतच, देवी येऊन वारला आणि पुस्तकाला त्याचेच नाव चिकटले. कार्टर तीस वर्षे भारतात राहिला. साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून त्याने काही वर्षे काढली, कुष्ठरोगावर काम केले आणि पायाला होणाऱ्या मदुरा रोगाचे मूळ बुरशीत असल्याचे मांडले. ज्या देहांवरून त्याने ती चित्रे काढली त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. तो १८३२ च्या कायद्याचा काळ होता, त्यामुळे ते देह बहुधा लंडनच्या गरीबखान्यांतून आलेले असणार.

टेबलावर येण्याआधी

देह महाविद्यालयात पोचला की पहिले काम एम्बामिंगचे. मांडीच्या वरच्या टोकाशी छेद घेऊन तेथील मोठी धमनी मोकळी करतात, तीत नळी बसवतात आणि उंच टांगलेल्या टाकीतून किंवा पंपाने द्रावण आत सोडतात. रक्त ज्या वाटांनी फिरत होते त्याच वाटांनी द्रावण बोटांच्या टोकापर्यंत पोचते. एका देहाला साधारण ८ ते १० लिटर लागते. त्यातले फॉर्मॅलिन प्रथिनांना बांधून ठेवून कुजणे थांबवते, फिनॉल बुरशी येऊ देत नाही, ग्लिसरीन ऊती कोरड्या पडू देत नाही आणि स्पिरिटमुळे द्रावण खोलवर शिरते. हातापायांचा कडकपणा आणि त्वचेचा बदलता रंग पाहून द्रावण कुठवर पोचले ते अनुभवी सेवकाला कळते. ते जेथे पोचत नाही तेथे सिरिंजने भरावे लागते. नंतर देह टाकीत ठेवतात आणि काही महिन्यांनी तो विच्छेदनाला घेतात. या कामातली खरी तज्ज्ञता अनेकदा विभागातल्या जुन्या हॉल अटेंडंटकडे असते, पण पुस्तकांत त्याचा उल्लेख शोधून सापडत नाही.

फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडचा हा उपयोग फर्डिनांड ब्लूम याने १८९३ मध्ये दाखवला. त्याआधी युरोपात विच्छेदनाचे वर्ग प्रामुख्याने थंडीतच भरत, कारण उन्हाळ्यात देह टिकत नसे. फॉर्मॅलिनने वर्षभर शिकवणे शक्य केले, पण त्याची किंमतही वसूल केली. डोळ्यांना पाणी आणणारा, कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा तो वास पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला, त्यामुळे हॉलमधली हवा खेळती ठेवणे आता चैनीत मोडत नाही. फॉर्मॅलिनने ऊती ताठही होतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर थील याने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत फॉर्मॅलिन अगदी कमी असते आणि सांधे वाकतात, त्वचा मऊ राहते. शल्यचिकित्सकांच्या सरावाला असे देह सोयीचे पडतात. हायडेलबर्गच्या गुंथर फॉन हागेन्स याने १९७७ मध्ये प्लास्टिनेशन शोधले. त्यात ऊतींतले पाणी थंड ॲसिटोनने काढून, निर्वातात त्याच्या जागी सिलिकॉनसारखे प्लास्टिक भरतात. असा नमुना कोरडा, बिनवासाचा आणि वर्षानुवर्षे हाताळता येण्याजोगा होतो. पण तो उलगडता येत नाही. जे आधीच कोणीतरी कापून मोकळे केले आहे तेवढेच त्यात पाहायचे.

बगलेतला धडा

विच्छेदनगृहात, विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘डी-हॉल’मध्ये, एका टेबलाभोवती दहा-पंधरा, देह कमी असतील तर वीस-पंचवीस विद्यार्थी उभे असतात. सुरुवात पुष्कळ ठिकाणी हातापासून होते आणि हाताचा सर्वांत अवघड भाग म्हणजे बगल. तेथे मानेतून आलेल्या पाच मज्जातंतूमुळांचे जाळे पसरलेले असते. त्यातूनच संपूर्ण हाताच्या नसा निघतात. पुस्तकात धमनी लाल, शीर निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो. टेबलावर सगळे एकाच मातकट रंगाचे दिसते आणि वर चरबीचा थर असतो. तेव्हा बोटांनी ओळखायचे असते: धमनी जाड भिंतीची, दाबली तरी पुन्हा गोल होणारी, शीर चपटी, पातळ, मज्जातंतू भरीव दोरीसारखा.

नवशिका विद्यार्थी सुरी फार वापरतो. शिक्षक ती काढून घेतो आणि चिमटा व बोट वापरायला सांगतो, कारण धारदार पात्याने चरबीबरोबर बारीक फांद्याही तुटून जातात. बगलेत पहिली खूण शोधायची ती दंडाच्या वरच्या भागातल्या एका स्नायूला भोक पाडून पलीकडे जाणाऱ्या मज्जातंतूची. तो सापडला की त्याच्या मुळाकडे मागे जात जात धमनीसमोर इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी आकृती उघडी पडते आणि मग बाकीची नावे आपोआप जागेवर बसतात. कनिंगहॅमचे विच्छेदनाचे मॅन्युअल टेबलावर उघडे असते. त्याच्या पानांवर चरबीचे डाग पडलेले असतात. घरी वाचायला बी. डी. चौरसिया यांचे पाठ्यपुस्तक.

भाग संपला की तोंडी परीक्षा, आणि ‘स्पॉटर्स’. वेगवेगळ्या टेबलांवर टाचण्या, दोरे, झेंडे लावून अवयव दाखवलेले असतात. ठरावीक सेकंदांनी घंटा वाजते आणि लिहून झालेले असो वा नसो, पुढे सरकावे लागते. हाडांसाठी ‘बोन सेट’ असतो, जो सीनियरकडून ज्युनियरकडे, कधी विकत तर कधी उसना, वर्षानुवर्षे फिरतो. या बोन सेटमागेही मोठा व्यवहार होता. दीर्घकाळ जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले बरेचसे मानवी सांगाडे भारतातून जात. हाडे कशी आणि कुणाची गोळा होतात यावर ओरड झाल्यावर भारताने १९८५ मध्ये निर्यातीवर बंदी घातली. पाश्चात्त्य देश तेव्हापासून प्लास्टिकच्या सांगाड्यांकडे अधिक वळले.

अजून शोधायचे काय उरले

पाचशे वर्षे कापून झाल्यावर शरीरात नवे काय सापडणार, असा प्रश्न विषयाबाहेरच्यांना पडतो. उत्तराचा मोठा भाग ‘फरक’ या शब्दात आहे. पुस्तकात छापलेला देह हा सरासरीचा देह असतो. अंगठा आणि करंगळीची टोके जुळवून मनगट किंचित आत वाकवले की मनगटाच्या मधोमध एक कंडरा वर उठते. सुमारे १५ टक्के लोकांत ती नसतेच आणि त्यांचे काहीही अडत नाही. हाताच्या शल्यचिकित्सेत ती काढून दुसरीकडे जोडतात, म्हणून ती आहे की नाही हे आधी पाहावे लागते. पित्ताशयाला रक्त पोचवणारी बारीक धमनी कुठून फुटते, यात तर इतके प्रकार आढळतात की दुर्बिणीतून पित्ताशय काढणारा सर्जन तेथे प्रत्येक धागा दोनदा ओळखल्याशिवाय कापत नाही. भारतातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे असंख्य प्रबंध अशाच फरकांच्या नोंदींचे असतात. ते चमकदार नसतात, पण शस्त्रक्रियेतल्या चुका टाळण्याची माहिती त्यांतूनच साठत जाते.

काही शोध मात्र थेट पुस्तकाला हात घालणारे झाले. मेलबर्नच्या मूत्रविकार शल्यतज्ज्ञ हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये विच्छेदनांच्या आधारे दाखवले की स्त्रीच्या शिश्निकेची प्रचलित पुस्तकांतली वर्णने अपुरी आणि काही बाबतींत चुकीची आहेत. तिचा बहुतांश भाग आत, नजरेआड असतो. पुरुषाच्या त्याच भागाच्या वर्णनात पाने खर्ची पडत असताना हे दुर्लक्ष व्हावे, याचे कारण शरीरात नव्हते. २०१३ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन येथील संशोधकांनी ४१ गुडघे उघडून त्यांतील ४० मध्ये बाहेरच्या बाजूला एक स्वतंत्र बंध असल्याचे सांगितले. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जनने त्याचा उल्लेख १८७९ मध्येच केला होता. त्याला वेगळा बंध म्हणावे की नाही, यावर पुढेही वाद होत राहिला. २०१५ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या सापडल्या. मेंदूत त्या नसतात असे तोवर शिकवले जाई. नंतर माणसांतही त्यांचा पुरावा मिळाला. इटलीच्या पाओलो मास्काग्नी याने अठराव्या शतकात त्या पाहिल्याचे लिहिले होते, पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

संशोधनाचा इतिहास नेहमी स्वच्छ नाही. व्हिएन्नाच्या एदुआर्द पेर्नकोफ याचा शरीरचित्रांचा संग्रह बारकाव्यांत अजोड मानला जातो. पेर्नकोफ कट्टर नाझी होता आणि १९३८ मध्ये अधिष्ठाता झाला. व्हिएन्ना विद्यापीठाने १९९८ मध्ये जाहीर केलेल्या चौकशीत नाझी राजवटीत देहदंड दिलेल्या किमान १३७७ जणांचे देह तेथील शरीररचना संस्थेला मिळाल्याचे नमूद झाले. संग्रह आता छापला जात नाही. तरी मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना त्यातली चित्रे अजून उपयोगी पडतात, आणि ती वापरावीत का हा वाद संपलेला नाही.

पडद्यावरचा देह

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या संपूर्ण देहाची एकेक मिलिमीटर जाडीच्या चकत्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी एका स्त्रीच्या देहाची, तिप्पट बारीक चकत्यांची. आजच्या अनेक त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या मुळाशी हे ‘व्हिजिबल ह्यूमन’ आहे. त्यातला पुरुष टेक्सासमध्ये १९९३ साली देहदंड झालेला कैदी होता. पादुआचा फास आणि संगणकाचा पडदा यांत साडेचारशे वर्षांचे अंतर, पण देह पुन्हा तुरुंगातूनच आला. या वेळी त्या माणसाने देह विज्ञानाला देण्यास संमती दिली होती, हा फरक मात्र खरा.

आता टेबलाएवढ्या स्पर्शपडद्यांवर बोटाने थर काढता येतात, चुकले तर परतही ठेवता येतात. इंग्लंडमध्ये २००२ मध्ये सुरू झालेल्या पेनिन्सुला वैद्यकीय शाळेने मृतदेहाचे विच्छेदन अभ्यासक्रमातून वगळलेच. तुलनात्मक अभ्यासांत, लेखी परीक्षेतील नजीकच्या गुणांपुरते पाहिले तर विच्छेदन करणारे आणि तयार नमुने पाहणारे यांत फारसा फरक आढळत नाही. विच्छेदनाचे समर्थक म्हणतात की गुणपत्रिका हा चुकीचा मापदंड आहे: ऊतीचा ताण, खोली, दोन देहांतला फरक आणि मृत्यूची ओळख या गोष्टी प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. हा दावा मोजून सिद्ध करणे अवघड असले, तरी नुसता भावनेचा म्हणून झटकण्यासारखा तो नाही. कोविडच्या साथीत हॉल बंद पडून सारे शिक्षण पडद्यावर गेले, तेव्हा विद्यार्थ्यांनीच टेबलाची उणीव बोलून दाखवली.

भारतात १९९७ च्या नियमांनी पहिले सत्र दीड वर्षावरून एका वर्षावर आणले आणि विच्छेदनाचे तास आक्रसले. २०१९ पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात आणखी छाटणी झाली, पण एक नवी गोष्टही आली. मृतदेह हा पहिला शिक्षक आहे, या विषयावर विद्यार्थ्यांशी रीतसर चर्चा करण्याचा घटक त्यात आहे. पुष्कळ महाविद्यालयांत पहिल्या दिवशी देहापुढे उभे राहून शपथ घेतली जाते. तैवानच्या त्सू ची विद्यापीठात याच्याही पुढची प्रथा आहे. तेथे विद्यार्थी दात्याच्या कुटुंबाला भेटतात, त्याचे आयुष्य जाणून घेतात, काम संपल्यावर देह टाके घालून पूर्ववत करतात आणि अंत्यविधीला हजर राहतात. आपल्याकडे देहाला क्रमांक असतो. नाव विद्यार्थ्यांना सांगत नाहीत.

देहदान

मुंबई इलाख्यात १९४९ मध्ये ॲनाटॉमी ॲक्ट झाला आणि महाराष्ट्रातली महाविद्यालये आजही त्याच कायद्याखाली देह घेतात. त्याचा मूळ भर ठरावीक मुदतीत कोणी न मागितलेल्या, म्हणजे बेवारस, देहांवर होता. १८३२ च्या साच्याची सावली येथे स्पष्ट दिसते. गेल्या काही दशकांत मात्र स्वेच्छेने दिलेल्या देहांचे महत्त्व वाढत गेले आहे. डोंबिवलीच्या दधीचि देहदान मंडळासारख्या संस्थांनी गावोगाव अर्ज भरून घेतले. इंद्राच्या वज्रासाठी अस्थी देणाऱ्या दधीची ऋषीची कथा लोकांना पाठ होती, त्यामुळे नावच अर्धे काम करून जाई. २०१० मध्ये दोन टोकांच्या विचारांच्या नेत्यांचे देह वैद्यकीय शिक्षणासाठी गेले: ज्योती बसू यांचा कोलकात्यात आणि मूळचे हिंगोली भागातले नानाजी देशमुख यांचा दिल्लीच्या एम्समध्ये.

देहदान आणि अवयवदान यांत लोकांची नेहमी गफलत होते. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे मरणोत्तर दान मुख्यतः मेंदूमृत्यूनंतर, रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातच शक्य असते आणि त्याला १९९४ चा वेगळा कायदा लागू होतो. देहदान घरी नैसर्गिक मृत्यू आल्यावरही करता येते. नेत्रदान करून मग देहदान करायला सहसा अडचण नसते. मोठे अवयव काढलेला देह मात्र बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण एम्बामिंगच्या वाटाच तुटलेल्या असतात. पोस्टमॉर्टेम झालेला, अपघातातला किंवा पोलीस प्रकरणातला, एचआयव्ही वा काविळीच्या विषाणूंसारखा संसर्ग असलेला आणि कुजू लागलेला देह नाकारला जातो.

प्रक्रिया साधी आहे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून अर्ज घ्यायचा, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि त्यांत जवळचा नातेवाईक असेल तर उत्तम. मृत्यूनंतर डॉक्टरांचा दाखला घेऊन शक्य तितक्या लवकर विभागाला कळवायचे; उशीर होणार असेल तर देह शीतपेटीत ठेवायचा. अडचण येते ती पुढे. अर्ज भरणारा त्या वेळी बोलायला नसतो आणि घरातल्या एकानेही हरकत घेतली तर महाविद्यालय सहसा देह घेत नाही. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी भरलेले कार्ड कपाटात राहते आणि परदेशातून येणाऱ्या मुलाची वाट पाहून देह वैकुंठ किंवा चंदनवाडीसारख्या स्मशानभूमीत नेला जातो. म्हणून देहदान मंडळांचे कार्यकर्ते अर्ज देताना आधी घरच्यांना समोर बसवतात.